खाडीवरच्या मशीनचे पाच दिवस

मी याद्या करते. फ्रिजवर एक, पर्समध्ये एक, ऑफिसच्या टेबलाच्या काचेखाली एक. रत्नागिरीतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी रेकॉर्ड विभाग सांभाळत होते. दोन हजार सालाच्या आगेमागे तिथे कॉम्प्युटर आले आणि ते आपोआप माझ्या गळ्यात पडले, कारण बाई नीटनेटक्या आहेत. त्याआधी मी कॉम्प्युटर पाहिला होता तो रेल्वेच्या आरक्षण खिडकीतून, बाहेरच्या बाजूने.

मशीन दोन होती. मोठं आमच्याकडे, धाकटं जयगडच्या अंगाला खाडीकाठच्या एका गावात, आमच्याच ट्रस्टच्या लहान दवाखान्यात. मध्ये टेलिफोनची लाइन. पेशंटची प्रत्येक नोंद मोठ्या मशीनवर झाली की तिला क्रमांक पडायचा आणि ती जर्नल नावाच्या फाइलमध्ये ओळीने जाऊन बसायची. तीच ओळ लाइनवरून धाकट्याकडे जायची आणि ते ती गिरवायचं. एक मशीन बिघडलं तरी दुसऱ्यात सगळं आहे, शिवाय टेपवर जर्नल आहे. जुनी पूर्ण प्रत घ्यायची, तिच्यावर जर्नलच्या ओळी एकापाठोपाठ एक चढवायच्या, की मेलेलं मशीन जिथे थांबलं होतं तिथवर उभं राहतं. मला हे फार आवडलं होतं. सगळं क्रमाने आणि सगळं लिहिलेलं.

टेप सहा होत्या, सोमवार ते शनिवार. त्या त्या वारी ती ती टेप, पुढच्या आठवड्यात तिच्यावरच पुन्हा. आमच्या हवेत बुरशी धरते म्हणून टेप ठेवायच्या डब्यात मी तांदळाची पुरचुंडी टाकली होती. काचेखालच्या यादीत तेवीस ओळी होत्या, तिचीच एक प्रत खाडीवरच्या दवाखान्यात भिंतीवर. वीज गेली तर काय, लाइन गेली तर काय, डिस्क भरत आली तर काय. आमच्याच जिल्ह्यात पोफळीला वीज तयार होते आणि आमच्याकडे तासातासाला जाते, म्हणून पहिल्या चार ओळी विजेच्याच होत्या.

सगळं सुरळीत चाललेलं बघून मी आणखी एक काम केलं. दवाखान्यातले कागदी केसपेपर बंद केले. एकच नोंद दोनदा कशाला लिहायची? तसं मी मीटिंगमध्ये म्हणाले आणि अधीक्षक डॉक्टरांनी मान डोलावली.

खाडीवरच्या दवाखान्यात एक सिस्टर होती. माझ्याच वयाची, त्याच गावची, नवरा कुवेतला. तिचा आणि आमचा जुना करार होता. गणपतीत आम्ही गावाला, ड्यूटी तिची. ईदला ती घरी, ड्यूटी आमची. कोकणात गणपतीला माणूस सापडत नाही. त्या वर्षीही मी निघताना तिला फोन केला.

"यादी आहे ना भिंतीवर?"

"आहे. तुमची यादी माझ्या सासूपेक्षा जास्त बघते मी, ताई. तुम्ही मोदक खा."

गणपतीच्या आदल्या दिवशी पाऊस जोरात होता. खाडीकडच्या रस्त्यावर कुठेतरी झाड पडलं आणि टेलिफोनची केबल तुटली. फोनही गेले, लाइनही गेली. सिस्टरने यादी पाहिली. सातवी ओळ: 'मोठं मशीन अर्धा तास उत्तर देत नसेल तर ही कळ दाबून धाकट्यावर काम सुरू करावे.' तिने अर्धा तास घड्याळ लावून वाट पाहिली आणि कळ दाबली. त्या क्षणापासून धाकटं मशीन स्वतःला मोठं समजू लागलं आणि स्वतःचे क्रमांक टाकू लागलं.

इकडे मोठ्या मशीनला काहीच झालं नव्हतं. तेही चालूच होतं.

लाइन जोडणारी माणसंही गणपतीला गेलेली. पाच दिवस दोन्ही मशीन आपापलं लिहीत राहिली. एकाच क्रमांकापुढे रत्नागिरीत एक पेशंट, खाडीवर दुसराच. मी गौरी-गणपती पोचवून परत आले तेव्हा लाइन नुकतीच जोडली होती आणि दोन्ही पडद्यांवर लाल अक्षरं होती.

पुण्याच्या कंपनीतून इंजिनीअर आला. एसटीतून उतरला तोच वैतागलेला.

"पाच दिवस? अहो, पाच दिवसांत एकालाही वाटलं नाही बघावं म्हणून?"

"गणपती होते."

"तुमच्याकडे गणपतीत देव सोडून कामावर कुणी नसतं वाटतं."

"देवही पाचव्या दिवशी जातो," मी म्हटलं. तो हसला आणि कामाला लागला.

त्याने मला समजावलं. दोन्ही जर्नल एका क्रमांकापर्यंत सारखी आहेत. तिथून फाटा फुटलाय. दोन्ही फाटे ठेवता येत नाहीत, एक छाटावा लागणार. धाकटं मशीन त्या क्रमांकापर्यंत मागे न्यायचं आणि पुढे त्याला मोठ्याच्या ओळी गिरवायला लावायच्या. छाटलेल्या नोंदी एका वेगळ्या फाइलमध्ये निघतात, त्या नंतर हाताने पुन्हा भरायच्या.

"कुठला फाटा छाटू? तुम्ही सांगा."

रत्नागिरीत त्या पाच दिवसांत शेकड्यांनी नोंदी होत्या. खाडीवर एकवीस. मी विचार करायला फार वेळ घेतला नाही. खाडीचा, मी म्हणाले. त्याने दुपारपर्यंत काम संपवलं. छाटलेली फाइल त्या दिवशीच्या, म्हणजे शुक्रवारच्या, टेपवर घेतली. मी यादीत चोविसावी ओळ लिहिली: 'छाटलेल्या एकवीस नोंदी हाताने भरणे. सवडीने.'

सवड मिळाली नाही. भातलावणीनंतरचा तो काळ, वॉर्ड तापाच्या पेशंटनी भरलेले. सिस्टर रजेवर गेली, गणपतीतल्या ड्यूटीच्या बदल्यातली ती रजा. सोमवारी डिस्क भरत आली, तेव्हा सतराव्या ओळीप्रमाणे मी धाकट्या मशीनवरची जुनी जर्नल पुसली, छाटलेली फाइल तिथेच पडलेली होती तीही पुसली. टेपवर आहेच की. धाकट्या मशीनची वेगळी टेप आम्ही कधी घेतच नव्हतो. ते मोठ्याचीच नक्कल, नकलेची नक्कल कोण ठेवतं?

आणि पुढच्या शुक्रवारी, शुक्रवार म्हणून, शुक्रवारची टेप मशीनमध्ये गेली. मीच घातली. यादीतल्या त्या ओळीसमोर माझ्या सहीची खूण आहे.

हे माझ्या लक्षात कधी आलं? ती बाई आली तेव्हा.

घरातला चाळिसाव्या दिवसाचा विधी उरकल्यावर आली ती. पन्नाशीची, डोक्यावरून ओढणी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी केलेला कागद. सरळ माझ्या खिडकीशी.

"बाय, तो कागद हवाय."

"कुठला?"

"खाडीवरच्या दवाखान्यातला. इथला नको, इथला हाय माझ्याकडे."

तिच्याकडचा कागद मी उघडला. आमच्याच हॉस्पिटलचा. आणण्यापूर्वी मृत्यू, एवढंच. वय चोवीस. तारीख गणपतीतली, तिसरा दिवस.

मग तिने सांगितलं. खाडीच्या तोंडाशी लाटेनं होडी उलटली. तिघांना बाहेर काढून दवाखान्यात नेलं आणि तिथून जीपने रत्नागिरीला. दोघे वाचले. तिचा मुलगा वाचला नाही.

"मला सांगायला पोरगा पाठवलेला जेटीवरून. बोलला, बरा हाय तो, रत्नागिरीला नेतायत, तू येऊ नको. मी बसले घरात. दवाखाना माझ्या दारापासून दहा मिंटं." ती खिडकीशी आणखी पुढे झाली. "आता एक बोलतो, तो जेटीवरच गेलेला. दुसरा बोलतो, दवाखान्यात पाणी मागत होता. जेटीवर गेला असेल तर मी बसले त्याचं काय नाय. पण दवाखान्यात बोलत असेल, तर... सिस्टरनं सगळं लिवलंय म्हणतात. काय लिवलंय तेवढं वाचून सांग."

मी तिला बाकावर बसवलं आणि मशीनवर तारीख टाकली. त्या दिवशी खाडीवर एकही पेशंट नव्हता. आदल्या दिवशीही नाही. मग मी डबा उघडून शुक्रवारची टेप काढली, लेबल वाचलं आणि परत ठेवली. तिच्यावरून तोपर्यंत कितीतरी शुक्रवार गेले होते.

मी बाहेर येऊन तिला चार दिवसांनी यायला सांगितलं. शोधते म्हणाले. शोधण्यासारखं काही नाही हे मला तेव्हाच माहीत होतं.

पुण्याला फोन केला. इंजिनीअरने विचारलं, "मॅडम, त्या टेपवर 'पुसू नये' असं लिहिलं नव्हतं का?" नव्हतं. माझ्या सहा लेबलांवर फक्त वार होते. वरून लिहिलेलं परत निघेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, जर्नलवरून मेलेलं मशीन उभं राहतं. जर्नलच गेलं तर काही नाही.

मग मी एसटीने खाडीवर गेले. सिस्टर दवाखान्यात ड्रेसिंग करत होती. हातातलं काम संपवून ती माझ्यासमोर बसली. मी सगळं सांगितलं. ती आधी रागावली.

"सातवी ओळ पाळली मी. तुमचीच."

"तू काही चुकली नाहीस."

"मग मी दिवसभर बसून टायपिंग केलं ते?"

"छाटलं. मी सांगितलं म्हणून छाटलं."

ती उठली, कॉटवरची चादर उगाच सारखी केली, परत बसली.

"तुला आठवतंय का?" मी विचारलं. "तिघांतला तो कुठला?"

"तिघंही चिखलाने माखलेले, ताई. नावं सांगणारं कुणी धड नव्हतं, मी एक, दोन, तीन असे नंबर घातले. एकाची नाडी लागत नव्हती. एक पाणी मागत होता, ते आठवतं. चमच्याने पाजलं मी त्याला. पण पाणी मागणारा कितवा, आणि तिचा मुलगा कितवा..." तिने दोन्ही हात उघडून दाखवले. "नावं मागाहून कळली, ती नंबरासमोर घातली मशीनमध्ये. लिहून ठेवलं होतं ना. म्हणून लक्षात नाही ठेवलं."

"वाचलेल्यांना विचारलंस?"

"एकाला काही आठवत नाही. दुसरा म्हणतो, पाणी मी मागितलं असेन, नसेनही. मासेमारीला दुसऱ्याच बंदरात गेलाय आता तो." मग आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, तुम्ही लिहून द्या. जेटीवरच गेला होता म्हणून. सुटेल बिचारी."

परतीच्या एसटीत मी त्याचाच विचार करत होते. आरे-वारेच्या वळणावर समुद्र दिसतो, त्या दिवशीही दिसला असेल. मी वहीत गुंतले होते. वहीत मी दोन रकाने आखले. लिहून दिलं तर, न दिलं तर. पहिल्या रकान्यात 'सुटेल' लिहिलं. खाली लिहिलं: नोंद मध्ये घालता येत नाही. जर्नलमध्ये नवी ओळ शेवटी येते, आजच्या तारखेने, लिहिणाऱ्याच्या नावाने. त्याखाली: खरं काय ते मला माहीत नाही. दुसरा रकाना मोकळा राहिला.

चौथ्या दिवशी ती आली. मी तिला हॉस्पिटलच्या कागदावर टाइप केलेलं पत्र दिलं, अधीक्षकांच्या सहीचं. 'सदर तारखेची नोंद उपलब्ध नाही.' तिला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवलं.

"म्हंजे आला होता का नाय दवाखान्यात?"

"आला होता. सिस्टर सांगते."

"बोलत होता?"

"एक जण पाणी मागत होता. तो तुमचा मुलगा होता का, ते तिला सांगता येत नाही."

"लिवलेलं होतं ना?"

"होतं. माझ्या हातून पुसलं गेलं."

मला वाटलं ती ओरडेल. मी त्यासाठी तयार होते. खिडकीमागून बाहेर येऊन तिच्यासमोर उभी होते. तिने पत्राची घडी घातली, पिशवीतल्या पहिल्या कागदाला लावून ठेवली.

"तुझ्याकडे दोन मशिनी हायत बोलतात," ती म्हणाली. "दुसऱ्यात बघितलंस?"

"बघितलं."

"बरं."

त्यानंतर ती दर काही महिन्यांनी यायची. बाजारात आले होते म्हणायची. खिडकीशी थांबून विचारायची, "मिळालं काय?" आणि मी नाही म्हणायचे. मी सगळं दुरुस्त केलं होतं. सातव्या ओळीत 'आधी माणूस पाठवून खात्री करावी' आलं. टेपवर तारखा आल्या. खाडीवर कागदी केसपेपर पुन्हा सुरू झाले. त्यातलं काहीही मी तिला सांगितलं नाही. तिच्या उपयोगाचं नव्हतं. तीन-चार वर्षांनी तिचं येणं थांबलं. का, ते मी सिस्टरला विचारलं नाही.

इंजिनीअरने जाताना मला एक तपासणी शिकवली होती. दर शनिवारी दोन्ही मशीनमधल्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहायच्या, क्रमांकाला क्रमांक. शेवटी एका ओळीचा कागद छापून येतो, त्यावर जबाबदार व्यक्तीने सही करायची आणि फाइलला लावायचा. पुढे नवी मशीन आली, जुन्यांतलं सगळं त्यांच्यात ओतलं, तेव्हाही हाच कागद निघाला. त्या गणपतीतले पाच दिवस दोन्हीकडे सारखेच आहेत, खाडीवर एकही पेशंट नाही.

कागदावर दर वेळी तेच असतं. फरक: शून्य. खाली माझी सही.