चेंडू कोणी पाडला?

कारखान्यात तिला सगळे टप्पाबाई म्हणत. खरं नाव हजेरीच्या रजिस्टरात होतं आणि तिथेच सुखाने नांदत होतं. काम एकच. शिवून, हवा भरून आलेला प्रत्येक फुटबॉल दोन मीटरवरून लोखंडी पत्र्यावर सोडायचा आणि किती उसळतो ते बघायचं. मागच्या भिंतीवर दोन लाल रेघा होत्या. उसळी त्या दोन रेघांच्या मधे पोचली तर चेंडूवर तिचा सात नंबरचा शिक्का, नाहीतर चेंडू परत शिलाईला. बावीस वर्षं हेच. नुसत्या आवाजावरून तिला कळायचं की आतलं ब्लॅडर नीट बसलेलं नाही, आणि त्या आवाजावरून शिवणाऱ्या बायकांशी तिचे रोज खटके उडायचे. पण सात नंबरचा चेंडू कधी परत आला नव्हता, याचा तिला भारी तोरा. असू दे बापडा. माणसाला एखादा तरी असावा.

एका सोमवारी परदेशातल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाचा मेल आला. पत्रव्यवहार बघणाऱ्या क्लार्कने तो दोनदा वाचला. बाकी सगळं त्याच्या डोक्यावरून गेलं, एक वाक्य मात्र स्वच्छ कळलं : 'यू हॅव ड्रॉप्ड द बॉल.' तुम्ही चेंडू पाडलात. आता चेंडू पाडण्याचं खातं कोणाचं? गडी मेल घेऊन तडक टप्पाबाईकडे. तिला तर आनंदच झाला. बावीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी तिच्या कामाची चौकशी केली होती! तिने सांगितलं आणि क्लार्कने तसंच्या तसं इंग्रजीत बडवलं : होय साहेब, आम्हीच पाडला. आम्ही प्रत्येक चेंडू पाडतो. रोज पाडतो. पुढेही असेच पाडत राहू.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा मालकांना कळलं की त्या भाषेत चेंडू पाडणं म्हणजे ऐन वेळी माती खाणं. थोडक्यात, कारखान्याने आपल्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाला सहीशिक्क्यानिशी कळवलं होतं की आम्ही रोज माती खातो आणि हा शिरस्ता मोडायचा आमचा विचार नाही. मालकांनी कपाळाला हात लावला. मग त्यांनी रोगाचं निदान केलं : स्टाफचं इंग्रजी कच्चं आहे. चेंडू कच्चे आहेत का, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. आठवड्यातून दोन दिवस पॅकिंगच्या खोलीत बिझनेस इंग्लिशचा वर्ग सुरू झाला.

शिकवायला आलेले सर टाय लावून यायचे. खेळ आणि धंदा ही सख्खी भावंडं आहेत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिलं. स्वतः सरांनी जन्मात चेंडूला पाय लावला नसावा, कारण एकदा एक फुटबॉल गडगडत त्यांच्या बुटाशी आला तर सरांनी बाजूला होऊन त्याला वाट दिली. पण तोंडाने काय फटकेबाजी! 'बॉल इज इन युअर कोर्ट' म्हणजे आता तुमची पाळी. 'लेव्हल प्लेइंग फील्ड' म्हणजे सगळ्यांना सारखी संधी, आणि हे ऐकताना मालक गादीच्या खुर्चीत बसून मान डोलवत होते, बायका जमिनीवर होत्या. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. त्यावर शिलाईतली एक म्हणाली की मग आमचे टाकेसुद्धा बॉलपार्क धरा की, टप्पाबाई कशाला अडवते? हशा पिकला.

टप्पाबाईला काही हसू आलं नाही. तिने क्लार्कला डिक्शनरी घेऊन बसवून उरलेला मेलही एकेक शब्द लावत वाचून घेतला होता. दर तीन चेंडूंमागे एक मेलेला, उसळतच नाही. लॉटचा नंबर दिला होता. तो नंबर तिने क्लार्कला पुन्हा वाचायला लावला.

त्या लॉटच्या वेळी, एका शनिवारी, मालकांना दयेचा झटका आला होता. "बाई, फार दमता तुम्ही, आज दुपारीच घरी जा," असं म्हणून त्यांनी तिला फाटकापर्यंत पोचवलंसुद्धा. बाराशे चेंडू तपासायचे होते आणि बोट सुटणार होती. सोमवारी ती आली तर बाराशेच्या बाराशे चेंडू गेलेले, आणि शुक्रवारी शाई भरलेलं तिचं पॅड ठणठणीत कोरडं. काय झालं ते शेंबड्या पोराला कळलं असतं. तिलाही कळलं. ती गप्प बसली. त्या गप्प बसण्याची तिला आजही लाज वाटत होती, मालकांचा राग येत होता त्याहून जास्त.

तिसऱ्या आठवड्यात मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर सरांच्या मदतीने लिहिलेलं इंग्रजी पत्र होतं. वर्गाची कृपा, की आता तिला बोट ठेवून ठेवून का होईना, वाचता यायचं. पत्रात लिहिलं होतं की सात नंबरच्या तपासनीस बाईंच्या हलगर्जीपणामुळे हा लॉट खराब गेला आणि बाईंना त्याचा खेद आहे. खाली तिच्या सहीपुरती जागा.

"नोकरीला धक्का लागणार नाही, माझा शब्द," मालक म्हणाले. "याला इंग्रजीत म्हणतात टेक वन फॉर द टीम. संघासाठी एक फटका आपल्या अंगावर घ्यायचा."

"संघात कोण कोण आहे, साहेब?" तिने विचारलं.

मालकांनी घड्याळाकडे बघितलं आणि शुक्रवारपर्यंत सही करून द्या म्हणाले.

घरी नवरा शिलाई मशीन उघडून बसला होता. मशीनदुरुस्तीत त्याचा हात धरणारा नव्हता, फक्त मशीन दुरुस्त करून घेणारे उरले नव्हते. तो म्हणाला, करून टाक सही, तिकडे तुला कोण ओळखतं? ती म्हणाली, "अहो, सात नंबर म्हणजे मीच ना?" त्यावर त्याने स्क्रू घट्ट करत एवढंच सांगितलं की घर तुझ्या पगारावर चालतं, ते डोक्यात ठेव आणि मग काय करायचं ते कर. बोलला ते काही खोटं नव्हतं.

गुरुवारी वर्गाची परीक्षा होती. नाराज गिऱ्हाइकाला पत्र लिहा, खेळातले किमान पाच वाक्प्रचार वापरा. बायकांनी कागदावर चेंडू इकडून तिकडे टोलवले. टप्पाबाईने तासभर पेन चावून सहा ओळी लिहिल्या. सर, त्या लॉटची तपासणी झाली नाही. त्या दिवशी मला दुपारी घरी पाठवलं. शिक्का माझा आहे, पण मी मारलेला नाही. हे मी आधीच बोलायला हवं होतं, माझं चुकलं. बाकीचे सगळे चेंडू मी स्वतः तपासले आहेत. तुमचे परत पाठवा, एकेक तपासून देते.

सरांनी दहापैकी दोन गुण दिले, तेही स्पेलिंगचे. शेजारी लाल शाईत शेरा : एकही वाक्प्रचार नाही, व्यवसायाची भाषा अजिबात जमलेली नाही. पत्रात काय लिहिलंय ते सरांच्या लक्षातच आलं नाही, कारण ते चेंडू शोधत होते.

तिने ते पत्र कोऱ्या कागदावर पुन्हा उतरवलं. खाली सही केली. शुक्रवारी कागद क्लार्कच्या हातात दिला. बाई सही करतील तो कागद ताबडतोब पाठवायचा, असा त्याला मालकांचा हुकूम होता. आणि मागच्या प्रकरणानंतर वाचण्याच्या भानगडीत पडायचं त्याने सोडूनच दिलं होतं.

पुढचे चार दिवस ती कामावर आली ती शेवटचा दिवस समजूनच. फळीवरचा आपला कपही तिने घरी नेऊन ठेवला. पाचव्या दिवशी उत्तर आलं. तुमच्या कारखान्याकडून आलेलं, आम्हाला कळलेलं हे पहिलंच पत्र, असं गिऱ्हाइकाने लिहिलं होतं. पुढची ऑर्डर देऊ, पण प्रत्येक लॉटबरोबर या बाईंच्या हातचा सहीचा कागद हवा. तो नसेल तर माल बंदरावरूनच परत.

मालक अर्धा तास केबिनच्या बाहेर आले नाहीत. बाहेर आले ते विजयी मुद्रेने. संघ जिंकला, असं त्यांनी जाहीर केलं आणि सरांचे आभार मानले. सर म्हणाले, कोर्सचं यश आहे. मग सगळ्यांना सर्टिफिकेटं वाटली गेली, टप्पाबाई सोडून. दोन गुणांत कोण पास करणार?

महिनाअखेरीला नव्या ऑर्डरचा माल निघायचा होता. फाटकाशी ट्रक उभा, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून. मालक घाम पुसत तपासणीच्या खोलीत आले. किती वेळ लागेल, हे त्यांनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं. तिने हातातला चेंडू सोडला, रेघांकडे बघितलं, शिक्का मारला आणि दुसरा उचलला.

"चारशे राहिलेत," ती म्हणाली. "बसा."

मालकांनी स्टूल ओढलं आणि बसले.