तज्ज्ञाची सही

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत निवृत्त माणसं इतकी झाली आहेत, की लिफ्टमधून वर जाईपर्यंत दोन सल्ले तरी पदरात पडतातच. त्यातल्याच आम्ही पाच जणांनी एक काम अंगावर घेतलं. दर रविवारी सकाळी मुठेचं पाणी तपासायचं आणि नदीत कोणते मासे उरलेत ते लिहून महापालिकेच्या कार्यालयात पाठवायचं. फुकट. कार्यालयातून छापील तक्ते मिळाले, बाटल्या मिळाल्या, पाण्यात थेंब टाकून रंग बघायचा एक डबा मिळाला. तक्त्यात 'वास: आहे / नाही' असाही रकाना होता. मुठेच्या काठी हा प्रश्न ज्याला सुचला, त्याचा मला एकदा जाहीर सत्कार करायचा आहे.

तक्त्याच्या तळाशी 'मासे ओळखणाऱ्या तज्ज्ञाचे नाव व सही' असा रकाना होता. तिथं सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. आमचे म्होरके निवृत्त प्राध्यापक, त्यांच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा घरात येत नाही. बाकीचे तिघे त्याच पंगतीतले. प्राध्यापक माझ्याकडे वळून म्हणाले, "आपल्याकडे मासे करतात ना? मग आपणच तज्ज्ञ."

आता ह्याला काय म्हणावं! उभ्या हयातीत मी पापलेट-सुरमई खाल्ली ती मासेवालीनं तुकडे करून पिशवीत घातलेली. आख्खा जिवंत मासा माझ्याकडे बघतोय, असा प्रसंग कधी आलाच नव्हता. पण चौतीस वर्षं सरकारी नोकरीत सह्या ठोकल्यावर 'मला माहीत नाही' हे वाक्य जिभेवर येत नाही. केली सही.

मासे पकडून द्यायचे मामा. भोई समाजातले, साठी उलटलेले. ट्रकच्या टायरची फुगवलेली ट्यूब, तिच्यावर बसून हातानं पाणी मागं सारत जायचे आणि जाळं टाकायचे. त्यांचे वडील, आजोबा काठाच्या त्याच उतारावरून नदीत उतरलेले. आम्ही चहा-पोहे आटोपून पोचेपर्यंत त्यांचं जाळं काठाला लागलेलं असायचं. ते एकेक मासा माझ्या मोजपट्टीवर ठेवायचे, प्राध्यापक हात लांब करून, तोंड फिरवून मोबाईलवर फोटो काढायचे, आणि मी खणखणीत आवाजात नाव सांगायचे. माझं शास्त्र सोपं होतं. लांब दिसला की वांब, चपटा दिसला की चिलापी. चिलापी म्हणजे तो बाहेरून आलेला, गटारातही मजेत जगणारा मासा. एवढं मी पेपरात वाचलं होतं आणि तेवढ्यावर माझं भागत होतं. मामा एकदा "बाई, ह्यो..." असं काहीतरी म्हणाले. मी म्हटलं, "मामा, मध्ये बोलू नका, लिहिताना चुकतं." त्यांनी पुढचा मासा पट्टीवर ठेवला. असे सहा महिने गेले.

मग एका रविवारी कार्यालयातले साहेब स्वतः काठावर आले, काखोटीला नकाशा. नदीकाठानं फिरायचा रस्ता होणार होता आणि त्याला लागून भिंत. त्यांनी आमचे तक्ते चाळले. "चिलापी. चिलापी. वांब. चिलापी. वा, किती नीटनेटकं काम! म्हणजे इथला मूळचा मासा संपल्यातच जमा. मग मासेमारीसाठी हा उतार ठेवून करायचं काय? इथंही भिंत घेऊन टाकू."

मामा गुडघाभर पाण्यात उभे होते. "साहेब, मग मी उतरू कुठून?"

"अहो, मासाच नाही तर उतरायचं कशाला? हे बघा, तज्ज्ञांची सही आहे."

गप्प बसावं, असंही वाटून गेलं, खोटं कशाला बोलू? सोसायटीत तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती. पण मामा माझ्याकडे बघतही नव्हते. त्या नकाशाकडे बघत होते, आणि ते काही मला बघवेना.

"साहेब, ती तज्ज्ञ मी," मी म्हटलं. "मला मासे फक्त तळलेले ओळखता येतात."

प्राध्यापकांनी कपाळावर हात मारून घेतला. साहेब म्हणाले, "मग हे सगळं?"

"अंदाजपंचे दाहोदरसे. पण फोटो आहेत. ते मामांना दाखवा."

मामांनी गळ्यातल्या टॉवेलला हात पुसले आणि मोबाईल डोळ्यांजवळ धरला. "ही खवली. ही बी खवली. ह्यो शिंगटा, मिशा दिसत न्हाईत का? ही मरळ. ही चिलापी, खरी. हे... हे बाईंचं बोट हाय." चिलापी सोडली तर बाकी सगळे मूळचे, इथलेच मासे निघाले; साहेब लिहीत गेले. अर्ध्या तासानं त्यांनी नकाशावरची भिंतीची रेघ उतारापाशी खोडली आणि शेजारी पेन्सिलीनं लिहिलं, 'उतार राहू द्यावा'.

जिवात जीव आल्याबरोबर मी मामांवरच उखडले. "सहा महिने तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात? सांगायला काय झालं होतं?"

"ह्या कागदावर माझा उतार लटकलाय, हे मला कुठं ठावं?" मामा म्हणाले. "म्हटलं रिटायर मानसं हायत, रविवारची करमणूक चाललीय. कशाला हिरमोड करा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

साहेबांनी एक कोरा तक्ता माझ्यापुढे धरला. "खऱ्या तज्ज्ञांचं नाव घाला आता, आणि त्यांची सही घ्या." मी पेन उघडलं, रकान्यावर टेकवलं, आणि हात तिथंच थांबला. सहा महिने, दर रविवारी, हा माणूस थंड पाण्यात उतरून माझ्या पट्टीवर मासे ठेवत होता. प्राध्यापकांकडे बघितलं, तर ते नदीकडे बघायला लागले. साहेब वाट बघत होते.

"मामा," मी म्हटलं, "तुमचं नाव काय हो?"