लिलावावरून आले की मी झोपणार

मैत्रिणींनो, आज सकाळी आमच्या घरात वाजलंच!

मी मिरकरवाडा बंदरावर मासळी विकते. पहाटेच्या लिलावासाठी अर्ध्या रात्री उठायचं, परत येऊन स्वयंपाक करायचा आणि भरपेट जेवून आडवं व्हायचं. पोट सतत फुगलेलं, आंबट ढेकर. ओवा झाला, गोळ्या झाल्या.

काल वैद्यबाई म्हणाल्या, "जागरणाने अग्नी मंदावतो. जेवढी झोप बुडाली, त्याच्या निम्मी सकाळी घ्या, पण उपाशीपोटी. जेवून झोपायचं नाही."

म्हणून आज आले, अंघोळ केली आणि सरळ झोपले. सासूबाईंनी दार वाजवलं. "उन्हं वर आली नि निजतंस काय गो? माणसं काय म्हणतील?"

नवरा ट्रॉलरवरून येऊन झोपतो, तेव्हा ह्याच घरात कुकरसुद्धा लावत नाहीत. आज तो घरीच होता. मी आतूनच ओरडले, "भात तुमचा मुलगा लावेल. मी उठल्यावर जेवेन."

लावला त्याने. पार गिचका झाला होता. मी चवीने खाल्ला.

उद्याही झोपणार आहे. माणसांना काय म्हणायचं ते म्हणू दे.

तुमच्या घरात कोणाच्या झोपेसाठी टीव्हीचा आवाज कमी होतो? तुमच्या झोपेसाठी कधी झालाय?