मुखपृष्ठावरचे सात शुभेच्छुक

प्रश्न असा होता: तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने संगीताचा अंक टेबलावरून स्वतःहून उचलावा, यासाठी मुखपृष्ठावर काय असावे? नांदेडच्या एका शाळेत मी बरीच वर्षे चित्रकला शिकवतो. त्यामुळे या प्रश्नाचे उत्तर आपल्याला ठाऊक आहे, अशी माझी समजूत होती. ती कशी मोडली, ते क्रमाने सांगतो.

आमच्या संस्थेची दुसरी शाळा लातूरला आहे. तिथल्या संगीताच्या मॅडमनी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी एक त्रैमासिक काढायचे ठरवले. त्यात गाणी, त्यांची स्वरलिपी आणि थोडी वाद्यांची माहिती असणार होती. संस्थेच्या सचिवांनी परवानगी दिली, पण अट घातली. अंक ग्रंथालयाच्या टेबलावर ठेवायचे. कोणी कोणाच्या हातात द्यायचे नाहीत. शनिवारी टेबल रिकामे दिसले तर अंक चालू. गठ्ठा तसाच दिसला तर अंक बंद, आणि संगीताचा तास गणिताकडे.

मॅडमचा फोन आला. "सर, आतलं मी बघते, वरचं तुम्ही बघा. माझी पेटी कपाटात जायची पाळी आणू नका."

मी काळ्या शाईने एक तंबोरा रेखाटला, त्याभोवती लंबगोल चौकट आखली आणि उरलेली जागा कोरी सोडली. कोरी जागा हाही चित्राचाच भाग असतो, हे मी दरवर्षी शिकवतो. मग ते चित्र नववीच्या वर्गात फळ्याला लावले आणि विचारले, "काय दिसतं?"

वर्ग गंभीर झाला. पहिल्या बाकावरच्या मुलीने हळूच विचारले, "कोण वारलं, सर?"

"कोणी वारलेलं नाही. तो तंबोरा आहे."

"मग तंबोरेवाले वारले का?"

मागून एक आवाज आला, "सर, खाली दशक्रियेचं ठिकाण लिहायचं ऱ्हायलंय."

मी चित्र उतरवले. तुम्हाला काय हवे, असे विचारल्यावर मात्र एकमत झाले. "मोठं तोंड पाहिजे, सर. आमच्याएवढ्या पोरीचं न्हाई तर पोराचं. गाऊन ऱ्हायलं पाहिजे. दात दिसले पाहिजेत." सूचना विचारपूर्वक होती. मी ती मान्य केली.

मॅडमनी त्यांच्या गायनवर्गातल्या मुलांचे आठ फोटो मोबाइलवर पाठवले. त्यांतला एक निवडायचा होता. आकाशाकडे तोंड उघडून गाणाऱ्या एका मुलीचा फोटो मी निवडला आणि आठही फोटो घेऊन फ्लेक्सच्या दुकानात गेलो. संगणकावर मुखपृष्ठाची जुळणी करून देणारा ओळखीचा माणूस तिथलाच. त्याच्या पडद्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचे बॅनर उघडे होते. मध्ये वाढदिवसवाल्याचा हसरा चेहरा, त्याच्यामागे ज्वाळा, आणि खाली गोल चौकटींत शुभेच्छुकांची रांग. आमच्याकडच्या प्रत्येक चौकात ही रचना टांगलेली असते.

"एकच चेहरा," मी कागदावर लिहून दिले. "वर अंकाचे नाव. बाकी काही नाही. ज्वाळा तर नाहीतच."

"हाव सर. समजलं. लगेच करून प्रेसला पाठवतो."

नमुना पाहिल्याशिवाय छपाईला सोडू नये, हा नियम मी मुलांना शाळेच्या वार्षिक अंकाच्या वेळी शिकवतो. त्या दिवशी मी स्वतः तो पाळला नाही. ही चूक माझी.

सोमवारी पहाटेच गठ्ठा प्रेसमधून घेतला आणि लातूरच्या एस.टी.त बसलो. चाकूर येईपर्यंत धीर धरला, तिथे दोरी सोडली. मोठा चेहरा होता. ज्वाळा नव्हत्या. पण खाली, सात गोल चौकटींत, उरलेली सात मुले होती, आणि त्यांच्यावर ठळक अक्षरांत छापले होते: शुभेच्छुक.

शेजारी बसलेल्या आजोबांनी अंक हातात घेऊन नीट पाहिला. "लेकरं लई लहान उभी केलीत ह्या वेळी," ते म्हणाले. "कोणता वार्ड?"

मी दुकानात फोन लावला. पलीकडून शांत उत्तर आले. "सर, फोटो आठ आलते. सात जणांला सोडायचं कसं? कोणी रुसलं तर तुमच्यावरच येतं. अन् सगळ्यांचे चेहरे उजळ केलेत. ते आपण करतोच."

ते मी तोवर पाहिले नव्हते. आता पाहिले. सातही चेहरे इतके उजळ केले होते की नाक, डोळे आणि भांग एवढेच उरले होते. सगळी मुले एकाच घरातली वाटत होती, आणि ते घर मराठवाड्यातले खचितच नव्हते.

लातूरला मॅडमनी अंक हातात घेतला. मग एका चौकटीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सर, ही कोण?"

"तुमचीच विद्यार्थिनी."

"माझी?" त्या पदर तोंडाला लावून हसू लागल्या, आणि हसता हसता खुर्चीत बसल्या. "गेला माझा तास, सर."

दुसरे अंक छापायला वेळ नव्हता. आम्ही गठ्ठा टेबलावर ठेवला आणि दाराआड उभे राहिलो.

मधल्या सुट्टीत तिघे जण आले. एकाने अंक उचलला. "ए, हा मी हाय. कान बघ."

"तुझे कान इतके गोरे कधी झाले बे?"

"तिसरा तू न्हाईस, पोरगी आहे. वेणी बघ."

"ती वेणी न्हाई, खांब आहे मागचा."

वाद मिटेना, म्हणून तिघांनी तीन अंक घेतले आणि वर्गात नेले. तास संपल्यावर तिथून अकरा जण आले. फोटोत नसलेल्यांनाही, आपण नसल्याची खात्री करून घ्यायची होती. मी रजा टाकून बुधवारपर्यंत लातूरलाच थांबलो. मंगळवारी अंक घरोघरी गेले. बुधवारी दुपारी टेबलाचे लाकूड दिसू लागले.

त्याच दुपारी गायनवर्गातली एक मुलगी मॅडमकडे आली. "मॅडम, आई म्हणली, ही आपली न्हाईच. कोण्या शहरातली पोरगी हाय. मग मी आतमदी आमच्या गाण्याचं पान काढलं. त्यात माझं नाव होतं. तरी ऐकंना. मग ते गाणं पुरं म्हणून दाखवलं."

"मग?"

"मग म्हणली, हाव, हीच हाय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहिले.

शनिवारी सचिव आले. मी सकाळच्या गाडीने पुन्हा लातूर गाठले होते. रिकामे टेबल पाहून सचिवांना अंक लपवल्याचा संशय आला, म्हणून त्यांनी कपाट उघडायला लावले. आत ढोलकी, झांजा आणि धूळ होती. मग त्यांनी व्हरांड्यातल्या एका मुलाला थांबवले. "काय रे, अंक घेतलास? काय वाचलंस त्यात?"

"सर, तिसऱ्या नंबरचं अजून कळंना," तो म्हणाला, "पण शेवटच्या पानावरची सरगम येते." आणि त्याने ती तिथेच, हात मागे बांधून, म्हटली. एक स्वर चुकला. मॅडमनी तो ओठांतल्या ओठांत दुरुस्त केला.

सचिवांनी अंक मागितला. टेबलावर एकही नव्हता, म्हणून माझ्या पिशवीतला काढून दिला. त्यांनी मुखपृष्ठ जवळ धरले, लांब धरले. "तास राहू द्या," ते म्हणाले. मग रांगेवरून बोट फिरवत थोडे नाराजीने विचारले, "शुभेच्छुक म्हणता, अन् आमचं कुठंय ह्यात?"

माझे उत्तर आता असे आहे: मुखपृष्ठावर मुलांची स्वतःची माणसे असावीत, आणि ती पाहताक्षणी ओळखू येऊ नयेत. मात्र हा प्रयोग एकाच शाळेत, एकाच आठवड्यात झाला आहे, आणि त्याची सुरुवातही चुकीने झाली आहे. म्हणून विनंती अशी की, आपल्या जवळच्या शाळेत दोन वेगवेगळी मुखपृष्ठे टेबलावर ठेवावीत, दाराआड उभे राहावे, आणि मुले कोणते उचलतात ते वाचकांनी स्वतः तपासून पाहावे.