शिवलेली पिशवी

ती घटना आजही आठवते, असे लिहून सुरुवात करायची आम्हा निवृत्त अधिकाऱ्यांची पद्धत आहे. मला घटनेपेक्षा एका पिशवीवरचे टाके आठवतात, आणि तेही मी स्वतः पाहिलेले नाहीत.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा होता. वाशीम जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. आमच्या हद्दीत एका वसतिगृहात तात्पुरते उपचार केंद्र उघडले होते. दर्शनी भिंतीवर उद्घाटक मान्यवरांच्या नावांचा फलक होता. मागच्या कोठीघरात शवागार केले होते. त्याची फीत कापण्याचा आग्रह मात्र कोणी धरला नव्हता.

शवागाराला कंत्राटी कर्मचारी एकच. देहाला हात लावायचा तो पूर्ण संरक्षक पोशाख आणि हातमोजे घालून. देह जाड पिशवीत ठेवायचा, चेन ओढायची, चेनवर चिकटपट्टी लावायची, बाहेरून जंतुनाशकाने पुसायचे. त्यानंतर पिशवी उघडायची नाही. नातेवाइकांनी दर्शन घ्यायचे ते पट्टी लागण्याआधी, दुरून. अंघोळ नाही, हळदकुंकू नाही. नियम योग्यच होते.

एके दुपारी शिरपूर रस्त्यावरच्या एका गावचा बागायतदार ठाण्यात आला. त्याच्या धाकट्या भावाची बायको त्या केंद्रात वारली होती. अंत्यसंस्कार सरकारी माणसांनी केले होते. धाकटा भाऊ तिथेच ऑक्सिजनवर होता.

"भावसुनेचं मंगळसूत्र गायब हाये, साहेब. गाडीत बसली तवा गळ्यात होतं, म्या सोता पाह्यलं. सामान वापस देलं त्यात नाही. त्या मुर्दाघरवाल्यानंच काढलं. उचला त्याले."

"दवाखान्यात तिच्याजवळ कोण होतं?"

"आमची माय होती. माह्यं तं शेतीचं काम चालू होतं."

त्याचा चहा संपायच्या आत एका पुढाऱ्याचा फोन आला. मृताच्या मालाचा अपहार, कलम आहे, अटक करा. कलम मलाही ठाऊक होते. शिवाय हेही ठाऊक होते की शवागारातला तो माणूस तुरुंगात गेला तर त्या कोठीघरात पाय ठेवणारा दुसरा मिळणार नाही. आणि मेलेल्याच्या गळ्यातले चोरल्याचा डाग लागलेल्या माणसाला जिल्ह्यात कोणी झाडू मारायलाही ठेवणार नाही.

मी त्याला बोलावले. ठाणे अंमलदाराने त्याची खुर्ची अंगणात कडुनिंबाखाली टाकली आणि आम्ही व्हरांड्यातून मोठ्याने प्रश्न विचारले. गोपनीयतेच्या दृष्टीने ही पद्धत आदर्श म्हणता येणार नाही.

देह कोणी आणला, पिशवीत कोणी ठेवला, गळ्यात काय होते, सगळ्याची उत्तरे त्याने चटचट दिली. गळा मोकळाच होता, म्हणाला.

"मग पिशवीजवळ तुझ्याशिवाय कोण गेलं?"

इथे तो खाली बघू लागला.

"बोल ना बे," अंमलदार म्हणाला, "साहेब गरमीत उभे हायेत तुह्यासाठी."

"म्या चोरी केलीच नाही, तं साबित कशी होईन?"

कायद्यावर इतका विश्वास असलेली माणसे मला नोकरीत फार थोडी भेटली. पोलीस खात्यात असल्यामुळे माझा स्वतःचा नव्हता. पण चोर कोणत्या प्रश्नाला अडतो ते मी पाहिले होते. हा मालाच्या प्रश्नाला अडला नाही, माणसाच्या प्रश्नाला अडला. कोणीतरी आत गेले होते.

संध्याकाळी शववाहिकेच्या चालकाचा फोन आला.

"साहेब, माह्यं नाव येऊ देऊ नका. त्या बाईले दोन पिशव्या होत्या. वरची चढवताना म्या हात लावला. आतली शिवेल होती."

"शिवलेली म्हणजे?"

"सुई-धाग्यानं. गोधडीले मारतेत तसे बारीक टाके. गळ्यापाशी."

चोर कापतो. कापलेले शिवत बसणारा चोर माझ्या माहितीत नव्हता. दुसऱ्या दिवशी मी कर्मचाऱ्याला टाक्यांबद्दल विचारले आणि त्याने मोठा श्वास सोडला.

"तिची सासू दारात बसून होती, साहेब. तोंड पाहू दे म्हणे. पट्टी लागली होती, म्या नाही म्हणलं. तेवढ्यात वार्डातून बलावलं, दुसरा देह उचलाचा होता. कुलूप लावाचं राह्यलं. वापस येऊन पाह्यतो तं पिशवीले टाके. सुईच्या भोकातून गळते ना, म्हणून वरून दुसरी चढवली, पुसून घेतली. हे सांगतलं असतं तं दार उघडं ठेवलं म्हणून नोकरी गेली असती."

नोकरी वाचवण्यासाठी तो तुरुंगात जायला निघाला होता. माणसे असे हिशेब करतात.

मी गावी गेलो. सासू केंद्रातून परतल्यापासून गोठ्यात वेगळी राहत होती. "दुःखात हाये, कोनासंगं बोलत नाही," तो तक्रारदार थोरला मुलगा म्हणाला. त्याने गाडीवाल्यापासून घरगड्यापर्यंत सगळ्यांना मंगळसूत्राचे विचारले होते, आईला सोडून. त्याला ओसरीवर थांबवून मी गोठ्याकडे गेलो आणि गव्हाणीच्या अलीकडे उभा राहिलो. पांढऱ्या लुगड्यातली, मोकळ्या कपाळाची म्हातारी. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली होती.

"माय, पिशवी तुम्ही शिवली?"

ती मान खाली घालून गव्हाणीतला कडबा सारू लागली.

"तो शवागारातला माणूस आता जेलात जाईल. मंगळसूत्राची चोरी त्याच्यावर आली आहे."

"कायची चोरी?" तिने मान वर केली. मुलाने तक्रार दिली हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. "त्यानं तं हातबी लावला नाही. भरती करताना तिनंच काढून माह्याजवळ देलं. मले म्हणे, माय, घरी जाताना तुमीच घालून द्या. आता घरी कुठून येते थे? चेन मले दिसली नाही, पट्टीच पट्टी. पपई कापाचा चाकू होता जवळ, बटव्यात सुई-धागा होता. गळ्यात घातलं अन् शिवून टाकलं. उघडी कशी ठेवू?"

मग ओसरीकडे पाहून आवाज खाली आणला.

"कुकूबी लावलं, साहेब."

मला आधी कळले नाही, मग कळले. सवाशिणीला कुंकू लावण्याचा हक्क विधवेला नसतो. तिथे सवाशीण कोणी नव्हतीच. सगळ्या घरी होत्या.

"धाकटा अजून मशिनीवर हाये. त्याले काही झालं तं म्हणतीन, हिच्या हातानं झालं. अन् बिमारीले हात लागला म्हणून मी इकडं राह्यते. नातीले जवळ घेत नाही."

नियम तिला कळत नव्हता असे नाही.

तिचे म्हणणे खरे ठरवायला पुरावा हवा होता. घरचे कोणी न आल्याने अस्थींचे मडके नावासकट स्मशानभूमीच्या खोलीत पडून होते. दोन पंच बोलावले आणि राख चाळून घेतली. तडकलेले काळे मणी निघाले आणि सोन्याचा वितळून गोळा झालेला तुकडा. थोरला बघत उभा होता.

"आता हे कोनाजवळ देसान?" एवढेच त्याने विचारले.

"धाकट्याजवळ," मी म्हणालो. "त्याच्या बायकोचं आहे."

कर्मचाऱ्याला कुलपावरून बोलणी बसली, नोकरी राहिली. म्हातारीची तपासणी करवली. तिला लागण नव्हती. केंद्राच्या डॉक्टरांना मी सगळे सांगितले तेव्हा त्यांनी एक सुधारणा केली. पट्टी लावण्याआधी कर्मचारी घरच्यांना विचारू लागला, काही घालायचे-लावायचे आहे का. ओटी, कुंकू, तुळशीचे पान, जे देतील ते तोच पोशाख घालून ठेवी. घरचे खिडकीतून पाहत. पुढे पिशवी कोणी कापली नाही. वरच्या अहवालात याचे श्रेय 'सूक्ष्म नियोजना'ला मिळाले. मी हरकत घेतली नाही.

जबाबावर अंगठा देण्याआधी म्हातारीने मला थांबवले. "कुकवाचं नका लिहू."

मंगळसूत्र लिहिले, चाकू लिहिला, टाके लिहिले. कुंकवाची तपासाला गरज नव्हती. धाकटा काही दिवसांनी पायी चालत घरी गेला, तरीही ते कागदावर नाही याचे मला बरे वाटले.

माणूस गप्प बसतो तो पोलिसाला भिऊन, असे मी नोकरीभर धरून चाललो होतो. या बाईने पिशवी कापल्याचे मला बेधडक सांगितले; तिची भीती ओसरीवर उभी होती आणि ती तिच्याच पोटची होती. त्यानंतर निवृत्तीपर्यंत, कोणी उत्तर देईनासे झाले की मी आवाज चढवण्याआधी घरच्यांना बाहेर पाठवू लागलो. बहुतेकदा तेवढे पुरत असे.