रस्सा संपला व्हय?

आता कुठल्या तोंडानं सांगू तुम्हाला! सांगतो, पण हसायचं ते फक्त मला हसा.

सात-आठ वर्षं झाली असतील. नेसरीला एका मित्राच्या घरी यात्रेच्या जेवणाला गेलो होतो. मटणाची पंगत, आणि मी शहाणा जेवायचं सोडून व्हिडिओ काढतोय! शेजारी भरघोस मिशीचे एक पाहुणे. वाढप्याची रिकामी बादली बघून ते असे कळवळून ओरडले, "आरं, रस्सा संपला व्हय?"

काय तो चेहरा! मी खिंकाळत हसलो आणि व्हिडिओ दिला सोडून.

झालं! चार दिवसांत त्याचे स्टिकर निघाले. डीजेवाल्यांनी त्याला ठेका लावला. इचलकरंजीत मागावर सूत संपलं तरी कामगार म्हणायचे, "रस्सा संपला व्हय?" मी कॉलर ताठ करून फिरायचो. मग दुसरं काहीतरी आलं आणि लोक हे विसरले. मी नाही विसरलो.

परवा धाकट्या भावाच्या लग्नाची बोलणी करायला शिवाजी पेठेत गेलो. तीन ठिकाणी नकार आलेला, हे एवढं एकच स्थळ जमत आलेलं. मुलीचे वडील, तात्या, सफाचट दाढी-मिशीचे, अबोल. बोलणी झाली, पानं वाढली. सगळे गपगार जेवतायत. म्हटलं, आपणच जरा वातावरण हलकं करावं.

वाढता वाढता नवरीच्या भावाचं पातेलं रिकामं झालं आणि मी साधली संधी. तोच चेहरा, तोच सूर, "आरं, रस्सा संपला व्हय?" वर माझं ते खिंकाळणं!

कुणी हसेना. मी आणखी खोलात! "आठवत नाही? तो मिशीवाला हो! व्हिडिओ मीच काढलेला!"

नवरीच्या आईनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी घास खाली ठेवला.

"त्यो मिशीवाला मी."

मी त्यांच्या सफाचट ओठाकडं बघतच राहिलो.

"पेठेतनं चालायची सोय ऱ्हायली न्हवती. पोरं मागनं वरडायची. शेवटी मिशी काढली. पंगतीला बसायचंबी सोडलं."

"तात्या, चुकलं माझं…"

"आन् रस्सा मला नकोच हुता की! माझी वाटी भरलेली. शेजारच्या पोराची वाटी कोरडी, आन् त्येचं डोकं मोबाइलात. म्हटलं, उपाशी उठंल बिचारं. म्हणून वरडलो."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं हो मला! ज्यांना मी राज्यभर हावरट ठरवलं, ते माझ्याच वाटीसाठी ओरडले होते! भावाचा चेहरा पांढराफटक. मी हात जोडले, "तात्या, माझी शिक्षा त्याला नको."

तात्या उठून आत गेले. संपलं, म्हटलं.

ते बाहेर आले ते दुसरं पातेलं घेऊन. माझी वाटी काठोकाठ भरली.

"भिऊ नगासा पावणं. पोरगी तुमच्या भावाला दिलीया, तुमाला न्हवं! घ्या, रस्सा घ्या. आन् ह्या बारीला तरी मोबाइल खाली ठिऊन जेवा."