चौदावा वाचक

शनिवार पेठेतल्या वाचनालयाच्या बाईंचे उपकार आधी सांगते, मग झालं काय ते. मी सातवीतून शाळा सोडलेली. किनवटकडून एवढ्या लांब पुण्यात आले तेव्हा जोडाक्षर दिसलं की मला घाम फुटायचा. आज हे लिहितेय ते त्यांच्यामुळे.

बाई म्हणजे तिथल्या ग्रंथपाल. पुस्तक पुढे केलं की चष्मा नाकावर खाली ओढायच्या, पेन उचलायच्या आणि म्हणायच्या, "नेताय ते दिसलं. परत कधी?" बस, एवढंच स्वागत. दारात कुणी गप्पा मारायला लागलं, तर मान वर न करता म्हणायच्या, "पुढच्या चौकात चहाचं दुकान आहे. बसायला बाकही आहे." असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल. आपल्याला वाटतं, यांना आपण नकोसे आहोत.

मी पेठेतल्याच एका आजोबांना सांभाळते. त्यांना दिसत नाही. औषधं, अंघोळ, जेवण, आणि दुपारी पुस्तक वाचून दाखवायचं. मुलगा हिंजवडीला कंपनीत, रविवारी येतो. एजन्सीला त्याने सांगितलं होतं, बाई दहावी पास पाहिजे. एजन्सीच्या माणसाने फॉर्मवर तसं लिहून टाकलं आणि मी गप्प राहिले. राहणं-जेवण त्याच घरात. माझी मुलगी गावी, माझ्या आईजवळ. ते घर सुटलं असतं तर या शहरात पाठ टेकायलाही मला जागा नव्हती.

दर मंगळवारी मी पुस्तक बदलायला जायची. आठवडाभर अडलेले शब्द चिठ्ठीवर उतरवून न्यायची आणि बाई ते हळू आवाजात वाचून दाखवायच्या. एकदा म्हणाल्या, "दहावीपर्यंत हे सगळे येऊन जातात." मी तिथेच रडले आणि खरं सांगून टाकलं. त्यांनी पाणी दिलं नाही, पाठीवर हातही ठेवला नाही. म्हणाल्या, "इथे कोण काय वाचतं, कोण कुठे अडतं, चौतीस वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही." पुढच्या मंगळवारी काउंटरखालून आठवीचं मराठीचं पुस्तक निघालं.

मग ते ब्लॉगचं आलं. निवृत्तीआधी वाचनालयाचा ब्लॉग सुरू करा, असं कार्यवाहांनी त्यांना सांगितलं. अभ्यासिकेतल्या मुलांना विचारायला बाई तयार नव्हत्या. "ती शिकवत नाहीत, करून टाकतात." मुलीला रोज मेसेज करते म्हणून मला मराठी टाइप करता यायचं. "चल, आज तू बाई," असं म्हणून त्यांनी कॉम्प्युटरसमोर मला खुर्ची दिली. मोबाईलवर एक व्हिडिओ लावून आम्ही दोघी शिकायला बसलो.

"पृष्ठसंख्या किती लिहू?"

"बाई, याला पानं नसतात."

"मग वाचणाऱ्याला थांबायचं कुठे, हे कसं कळणार?"

त्यांच्या रजिस्टरात कच्ची नोंद पेन्सिलीने आणि पक्की शाईने. त्यामुळे दर ओळीला एकच प्रश्न, "हे अजून पेन्सिलीनेच आहे ना गं?" मी म्हणायची, हो बाई.

पुढच्या मंगळवारी गेले तर त्यांनी पेन उचललं नाही. कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडे फिरवला. मी नसताना सरावाला म्हणून त्यांनी एक मजकूर लिहिला होता. 'सातवीत शाळा सुटलेली एक बाई आमच्या दृष्टिहीन सभासदाला रोज वाचून दाखवते. इतक्या मन लावून वाचणारं माणूस मी पाहिलेलं नाही.' नाव नव्हतं. पण पेठेत अशा बाया आहेत किती? पेन्सिलीने आहे असं समजून त्यांनी 'प्रकाशित करा' दाबलं होतं. खाली आकडा होता, चौदा. चौदा जणांनी पाहिलं.

मी लगेच पुसून टाकलं. बाई म्हणाल्या, "पुसलंस, पण ज्यांनी नेलं त्यांच्याकडे आहेच की."

आणि त्या वसुलीला निघाल्या. थकलेलं पुस्तक काढून घ्यायला त्या जशा दारात जाऊन उभ्या राहायच्या, तशाच संध्याकाळी वाचनालय बंद करून घरोघर जायला लागल्या. "आमचा ब्लॉग वाचलात का?" लोक म्हणायचे, "अहो बाई, नेलेलं पुस्तक अजून वाचलं नाही, ब्लॉग कुठला?" बाई यादीतल्या नावापुढे खूण करून पुढच्या जिन्याला लागायच्या. गुडघे दुखत असताना.

इकडे माझा जीव थाऱ्यावर नव्हता. औषधाचं एकच पाकीट मी तीनतीनदा वाचायची. पुस्तक वाचताना तीच ओळ परत यायची आणि आजोबा म्हणायचे, "ही आत्ताच होऊन गेली. एवढी काही बरी नव्हती." रविवारी मुलगा मोबाईल बघत हसला, तर मला वाटलं, झालं. तो मला मोबाईल दाखवत म्हणाला, "ताई, हे माकड बघा."

पुढच्या मंगळवारी बाईंनी कागद पुढे केला. अभ्यासिकेतला एक मुलगा त्यांना म्हणाला होता, "काकू, तुम्ही स्वतः उघडलंत तरी ते मोजतं." बाईंनी हिशेब मांडला होता. मात्रा तपासायला आठदा, कार्यवाहांना दाखवावं का या विचाराने दोनदा, नंतर भीतीने दोनदा, तुला दाखवायला एकदा.

"तेरा," मी म्हणाले. "मग चौदावं कोण?"

चौतीस वर्षांत कुणी काय नेलं हे त्यांना ठाऊक नाही, असं झालंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "मी येते तुझ्या घरी. चूक माझी आहे, मी सांगते."

मी नको म्हणाले. त्यांना तिसऱ्या मजल्यावर चढवायचं आणि माझ्यासाठी मान खाली घालायला लावायची, हे मला बघवलं नसतं. त्याच दुपारी पुस्तक मिटून आजोबांना सांगितलं, की मी दहावी नाही, सातवी आहे.

आजोबा म्हणाले, "सातवी? मला पाचवी वाटली होती. मुलाशी मी बोलतो. त्याच्याकडे दोन पदव्या आहेत, एक पान वाचून दाखवलेलं नाही. हं, पुढे वाच."

बाईंना हे सांगितलं, तर त्या हसल्या. वाचनालयात, मोठ्याने. अभ्यासिकेतली मुलं माना वळवून बघायला लागली.

आता त्या तिथे नसतात. निवृत्त होऊन सांगलीला बहिणीकडे गेल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी मला बाहेरून दहावीला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म दिला, पेन्सिलीने भरलेला. सोबत मराठीचं पुस्तक. पाठीमागे वाचनालयाची तारखांची चिठ्ठी चिकटवलेली, तिच्यावर माझं नाव आणि त्या दिवसाची तारीख. परतीचा रकाना रिकामा. त्या दिवशी "परत कधी?" असं त्यांनी विचारलं नाही.

ब्लॉग अजून आहे. वर वाचनालयाचं नाव आणि खाली काहीच नाही. चौदावं कोण ते कळलं नाही.

फॉर्म मी शाईने गिरवून भरलाय. परीक्षा जवळ आली, भूमितीने झोप उडवलीय, पास होईन की नाही देव जाणे. पण बाई, एवढा शब्द देते. निकाल पुस्तकात घालून एक दिवस मी सांगलीला येणार आहे. रिकाम्या रकान्यात तारीख तुम्ही घाला. मग तुमच्यासमोर बसून तो मजकूर मी परत लावीन, आणि या वेळी त्यात माझं नाव असेल.